आमच्या मंडळाचा फळा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच खेप. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे. फळ्यावरच्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तुम्ही रोज सांभाळून घेताच!

मारुतीच्या देवळाजवळचा आपला फळा लिहिण्याचे काम मंडळाने 2015 साली माझ्याकडे दिले. पहिल्या दिवशी मी हळदीकुंकवाची वेळ लिहिली, दुसऱ्या दिवशी नळाची. माझा मुलगाच म्हणाला, "आई, एवढ्यासाठी फळा कशाला? आता घरोघरी मोबाईल आहेत." तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ते पुढे माझ्याच चुकीने मला शिकवले.

एका संध्याकाळी भाजी घेताना कानावर आले, की उद्यापासून दोन दिवस नळाला पाणी नाही. मोबाईलवरही तसाच निरोप फिरत होता. मी कोणाला न विचारता मोठ्या अक्षरांत लिहून टाकले. बायकांनी रात्रीच हंडे-कळश्या घेऊन विहीर गाठली. आमच्या शेजारच्या काकूंनी सत्तरीत सहा खेपा केल्या आणि आठवडाभर कंबर धरून बसल्या. सकाळी पाहते तो नळाला नेहमीच्या वेळी पाणी!

मला तोंड दाखवायची लाज वाटली. पण फळा पुसून लिहिले, "कालची बातमी खोटी होती. चूक माझी." खाली स्वतःचे नाव घातले. चार दिवस काकूंचे पाणीही मीच भरले. तेव्हापासून कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा त्या कामावरच्या माणसाला विचारल्याशिवाय मी खडू हातात घेत नाही. मोबाईलवरचा निरोप दहा घरे फिरून येतो, मूळ लिहिणारा सापडत नाही. फळा लिहिणारीचे घर मात्र सर्वांना ठाऊक असते. मुलाला मी हेच उत्तर दिले.

कागद पाहण्याच्या निमित्ताने मी नगरपालिकेत जाऊ लागले. 2018 साली तिथल्या भिंतीवर घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस दिसली. हरकत घेण्याची शेवटची तारीख बारीक अक्षरांत होती. 2014 साली अशीच नोटीस लागून गेली होती. आपल्याला कळले ते बिले हातात पडल्यावर. या वेळी मी तारीख लाल खडूने लिहिली आणि रोज खाली लिहीत गेले, नऊ दिवस राहिले, आठ दिवस राहिले.

आपण सतरा जणी अर्ज घेऊन गेलो. एकीची पत्र्याची खोली पक्क्या बांधकामात धरली होती. दुसरीच्या घरात तिचा मुलगा राहतो, तिथे भाडेकरू दाखवला होता. पुन्हा मोजणी झाली आणि पाच जणींची आकारणी दुरुस्त झाली. माझी एका पैशानेही कमी झाली नाही, कारण मागची खोली आम्ही खरोखरच वाढवली होती. घरी सर्वजण हसले. पण पट्टी कशावर बसते हे मला त्या दिवशी समजले. एरवी मी बिल डब्यात ठेवून मोकळी होत असे.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या राज्याने 2011 साली त्या निम्म्या केल्या. आपल्यातल्याच बायका तिथे निवडून जातात. त्यांना काय विचारायचे, हे निवडून देणारीला ठाऊक नको का? चुलीपाशी असलेल्या बाईपर्यंत बातमी वेळेवर पोचली, तरच ती विचारणार.

म्हणून आज एक मागणे आहे. फळा एकटीच्या हाती राहू नये. दर महिन्याला नवीन बाईने लिहावा. खडूंची पेटी मी सांभाळीन. "माझे अक्षर चांगले नाही" असे कोणी म्हणू नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल, तारीख तेवढी चुकता कामा नये.