छातीत गाठ लागली, तर कुणाकडं जायचं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य या विषयावर झालेलं हे बोलणं. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत.)



बचतीचा आणि कर्जफेडीचा विषय झाला. आता दशसूत्रीतलं आरोग्याचं सूत्र. सभेत आपण हिमोग्लोबिनवर बोलतो, बाळाच्या लसीवर बोलतो. आज अशा गोष्टीवर बोलायचं आहे, जिच्यावर आपण सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही. छातीतल्या गाठीवर. ज्यांना पदर तोंडाला लावून हसायचं त्यांनी हसून घ्या, पण ऐका.

आपल्या देशात बायांना जे कॅन्सर होतात, त्यात स्तनाचा कॅन्सर आज पहिल्या नंबरवर आहे. आणि तो मोठा लबाड आहे. दाढ दुखली तर आपण रात्रभर झोपत नाही, सकाळी पहिल्या गाडीनं हिंगोली गाठतो. ही गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. मग आपण म्हणतो, "दुखत नाही ना, मग राहू दे. सोयाबीन निघू दे, मग बघू." सोयाबीन निघतं, मग हळद येते, मग पोरीचं लग्न. वर्ष जातं. ऑक्टोबर महिना जगभर स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा म्हणून पाळतात. आपल्याकडं नेमकी त्याच महिन्यात काढणीची घाई असते. म्हणून मी म्हणते, याच्यासाठी महिना बघू नका.

आधी मनातली भीती काढा. छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरण्या पोरींना हाताखाली सरकणारी साधी गाठ होते, कुणाला पाण्याची गाठ होते, अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून गाठ होते. पण कोणती गाठ साधी आणि कोणती वाईट, हे ना आपण ठरवायचं, ना सासूबाईंनी, ना मेडिकलवाल्यानं. ते ठरवणारी माणसं वेगळी आहेत. ती कोण, कोण काय करतं आणि कुणाकडं कधी जायचं, एवढंच आज सांगते.

पहिली ओळख आपली, दुसरी आशाताईची

सगळ्यात आधी कळतं ते आपल्यालाच. न्हाताना हात फिरतो तेव्हा ध्यान द्या. काय बघायचं? छातीत किंवा काखेत गाठ. एका बाजूचा आकार अचानक बदलला. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, किंवा एका जागी खड्डा पडला. बोंड आत ओढलं गेलं. बोंडातून रक्त किंवा लालसर पाणी आलं. बोंडावर न भरणारी जखम झाली. यातलं एक जरी दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं.

आशाताई ३० वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरून घेते. त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, असे प्रश्न असतात. आपण काय करतो? दारात सासरे बसलेले असतात, म्हणून सगळ्याला "नाही, नाही" म्हणून मोकळ्या होतो. तायांनो, तो फॉर्म घरात, चुलीपाशी बसून भरा आणि खरं सांगा. ३० वर्षांवरच्या बायांची छाती हातानं तपासायची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, सिस्टरला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला तपासायला सांगा. आपण मागितली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, सिस्टरच्या हाताला काय कळतं? याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं आहे. मुंबईला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे, १९४१ साली सुरू झालेलं. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठं काम हाती घेतलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बाया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी बायांची छाती हातानं तपासत. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. वीस वर्षं लक्ष ठेवलं आणि २०२१ मध्ये निकाल छापला. नुसती माहिती मिळालेल्या वस्त्यांत कॅन्सर सापडलेल्या १०० बायांपैकी ४७ जणींचा रोग पुढं गेलेला होता. तपासणी झालेल्या वस्त्यांत तो आकडा ३७ वर आला. ५० वर्षांवरच्या बायांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ५० च्या आतल्या बायांत तेवढा फरक दिसला नाही, हेही तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मशीन नव्हतं, शिकवलेले हात होते. म्हणून आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या काकूंनी तर "आता आमचं काय वय राहिलं तपासायचं" असं म्हणूच नये. वय वाढतं तसा धोका वाढतो.

सर्जन, फोटो आणि सुई

सिस्टरला शंका आली की ती चिठ्ठी देईल. ती घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. तिथून पुढं तीन गोष्टी व्हायला पाहिजेत.

एक, सर्जन हातानं तपासतो. सर्जन म्हणजे ऑपरेशनवाला डॉक्टर. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं विचारा, किंवा सोबत बाईमाणूस घ्या. लाजेपायी परत येऊ नका.

दोन, फोटो. वय कमी असेल तर बहुधा सोनोग्राफी करतात. जास्त वयाच्या बायांची मॅमोग्राफी करतात, म्हणजे छातीचा खास एक्स-रे. दोन पाट्यांमध्ये छाती दाबतात, थोडं दुखतं, पण काही क्षणांचंच काम. हे फोटो वाचणारा जो डॉक्टर, तो रेडिओलॉजिस्ट. हाताला न लागणारी गाठसुद्धा त्याला फोटोत दिसू शकते.

तीन, सुईची तपासणी, म्हणजे बायोप्सी. गाठीतला छोटा तुकडा सुईनं काढून पॅथॉलॉजिस्टकडं पाठवतात. हा डॉक्टर आपल्याला कधी दिसत नाही. तो दुर्बिणीखाली तुकडा बघतो. गाठ साधी की कॅन्सरची, याचा पक्का निकाल त्याचाच. शिवाय ही गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते का, तिच्यावर कोणतं औषध चालेल, हेही त्याच तुकड्यावरून कळतं.

इथं दोन गोष्टी गाठ मारून ठेवा. पहिली, "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे खोटं आहे. सुई न लावल्यानं उपचार लांबतो, तोवर रोग वाढतो. दुसरी, बायोप्सी न करता कुणी म्हणालं, "या, इथंच कापून टाकतो, दहा मिनिटांचं काम," तर टेबलावर झोपू नका. आणि कुठंही गाठ काढली असेल, तर ती तपासायला पाठवली का, रिपोर्ट कुठं आहे, हे विचारा. गाठ बादलीत गेली आणि रिपोर्ट नाही, तर पुढच्या डॉक्टरला अंधारात चाचपडावं लागतं.

आणि हळदीचा लेप. आपली वसमतची हळद साऱ्या देशात जाते, तिचा मला अभिमान आहे. पण ती भाजीत शोभते. लेपानं गाठ विरघळत नाही, हाती असलेले महिने तेवढे विरघळतात.

उपचार एका डॉक्टरचं काम नाही

कॅन्सर निघाला, तर तीन प्रकारचे डॉक्टर लागतात. कॅन्सरचा सर्जन गाठ काढतो. दरवेळी पूर्ण स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असताना गेलं, तर पुष्कळदा फक्त गाठ आणि आजूबाजूचा भाग काढून स्तन वाचवता येतो. लवकर जाण्याचा हाही एक फायदा.

दुसरा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, औषधांचा डॉक्टर. केमो म्हणजे सलाईनमधून ठराविक दिवसांच्या अंतरानं दिलेलं औषध. केस जातात, मळमळतं, अशक्तपणा येतो. केमो संपली की केस परत येतात. कधी ऑपरेशनच्या आधी केमो देऊन गाठ लहान करतात, तेव्हा "ऑपरेशन का करेनात" म्हणून घाबरू नका. हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर पाच वर्षं किंवा जास्त काळ रोज एक गोळी असते. बरं वाटलं म्हणून ती मधेच सोडायची नाही.

तिसरा रेडिएशनचा डॉक्टर. याला आपल्याकडं 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. काही आठवडे, सुट्टीचे दिवस सोडून रोज जावं लागतं, दरवेळी थोडी मिनिटं. ते दुखत नाही.

काखेतल्या गाठी काढल्या तर हात सुजू शकतो. त्यासाठी हाताचे व्यायाम शिकवतात. ते शिकूनच घरी या. पाण्याचा हंडा, विळा, खुरपं कधीपासून धरायचं, हे विचारून घ्या.

जायचं कुठं, पैसा कुठून?

रेडिएशनची सोय सगळीकडं नसते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, गावोगाव जाऊन माणसांना लक्षणं सांगतात. त्या सांगण्यानं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. सभेत बोलल्यानं काय होतं, असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्याच्या पुढं मुंबईचं टाटा आहे.

पैशाची काळजी सगळ्यांनाच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या, आयुष्मान कार्ड असेल तर तेही. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरायच्या आधी त्याला भेटा, नंतर नाही. सगळे रिपोर्ट, फोटो, चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा.

योजनेत न बसणारा खर्चही असतो. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी. बाया उपचार अर्ध्यावर सोडतात त्या बऱ्याचदा याच खर्चापायी. इथं आपला गट कामाला येतो. ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी आहे, तो अशाच अडचणीसाठी असतो. गटातून आजारपणासाठी कर्ज देता येतं. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सोबत. दवाखान्यात एक बाई बरोबर जाईल, दुसरी तिच्या घरी दोन भाकरी टाकील, तिसरी तिच्या शेळ्या बघेल. हा रोग शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. तिला हळदीकुंकवाला बोलवा. ऑपरेशन झालेली बाई अपुरी होत नाही.

पुढच्या सभेपर्यंत प्रत्येक गटानं एवढं करावं. ३० वर्षांवरच्या सगळ्या बायांची उपकेंद्रात तपासणीची तारीख सिस्टरशी बोलून ठरवावी आणि सगळ्यांनी मिळून जावं, म्हणजे कुणाला एकटीला लाज वाटणार नाही. इतिवृत्तात फक्त किती जणींची तपासणी झाली तो आकडा लिहा. कुणाला काय निघालं, ते लिहायचं नाही आणि गावात बोलायचं नाही. बाई दुसऱ्यांदा खरं सांगेल ती आपल्या तोंडावर भरवसा असेल तरच.

आज घरी गेल्यावर न्हाणीत हात फिरवा. काही लागलं तर सकाळी आशाताईला फोन करा. हळद थांबेल.