धावपट्टीवरचे ऊन, पाऊस आणि धुके

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे आवरून)



सातारा-सांगलीकडचा माणूस नोकरीसाठी आखातात जावो, यात्रेला जावो किंवा मुलाला दिल्लीला परीक्षेस पाठवो, विमान गाठायचे म्हणजे पुष्कळदा पुण्याचे लोहगाव गाठावे लागते. तेथे गेल्यावर फलकावर विमान उशिरा असल्याचे दिसते, आणि मग काउंटरवरच्या बिचाऱ्या मुलीवर सारे तुटून पडतात. 'धुके आहे' हे उत्तर बहुतेकांना सबब वाटते. ही सबब आहे की शास्त्र, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 साली, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी हा तळ उभा केला. आजही तो लढाऊ विमानांचा तळ आहे. 1997 साली सुखोई विमाने प्रथम येथेच दाखल झाली. प्रवासी विमाने ही तेथे पाहुणी आहेत, आणि पाहुण्याने यजमानाच्या वेळा सांभाळायच्या असतात. 2021 च्या ऑक्टोबरात, 16 तारखेपासून दोन आठवडे, धावपट्टीच्या डागडुजीसाठी विमानतळ साफ बंद होता. त्याआधी जवळजवळ वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती. लोकांनी तेव्हा पुष्कळ कुरकुर केली. एवढा कसला तो डांबराचा रस्ता, असे म्हणणारेही भेटले.

तो नुसता डांबराचा रस्ता नव्हे. त्यावर एखादा खडा पडून राहिला तरी तो जेट इंजिनाच्या तोंडात ओढला जाऊ शकतो. सुखोईच्या इंजिनाच्या तोंडाशी जमिनीवर असताना जाळी येते ती याचसाठी. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान पडून 113 माणसे मेली, त्याचे मूळ धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीत सापडले. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाचा तो तुकडा होता. म्हणून धावपट्टी झाडायची, तपासायची आणि तिच्यावर चाकांचे रबर बसून ती गुळगुळीत झाली की ते खरवडून काढायचे. हे काम न दिसणारे असते आणि न दिसणाऱ्या कामाचे कौतुक कोणी करीत नाही.

आता धावपट्टीच्या टोकावर रंगवलेले मोठे आकडे पाहा. लोहगावला एका टोकास 10 आणि दुसऱ्या टोकास 28 आहे. हे अनुक्रमांक नव्हेत. होकायंत्राचे अंश दहाने भागून हे आकडे घेतलेले असतात. 10 म्हणजे 100 अंश, पूर्वेहून किंचित दक्षिणेकडे. 28 म्हणजे 280 अंश, पश्चिमेहून किंचित उत्तरेकडे. दोहोंतील फरक 18, म्हणजे 180 अंश, हे सातवीच्या मुलासही पटेल. वारा समोरून घेऊन चढायचे आणि समोरून घेऊनच उतरायचे, हा विमानाचा धर्म. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून तोंड पश्चिमेकडे. धावपट्टी आखताना त्या गावचा वारा कोणत्या दिशेने अधिक वाहतो हे पाहूनच ती आखतात.

ऊन विमानाच्या आड कसे येते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचलून धरायला आणि इंजिनाला जाळायला तीच हवा लागते. लोहगावची उंची समुद्रसपाटीपासून 592 मीटर. मे महिन्याच्या दुपारी तेथे पारा 40 अंशांवर असेल, तर हिशेब करून पाहा: समुद्रकाठच्या 15 अंशांच्या प्रमाणित हवेच्या मानाने ही हवा सुमारे चौदा टक्के विरळ भरते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने ते लोहगावात उभे नसून दीड हजार मीटरांहून उंच, आपल्या महाबळेश्वराच्याही वर कुठेतरी उभे असते. तेथून उडायचे तर अधिक वेग हवा, अधिक वेगासाठी अधिक लांब धाव हवी, आणि धावपट्टी तर वाढत नाही. मग वजन कमी करावे लागते. भर उन्हाळ्यात विमान कंपनी सामानाच्या बाबतीत काटेकोर झाली तर त्यात नेहमीच कंजूषपणा असतो असे नाही.

खरा धोका पावसाचा. धावपट्टी ओली असणे निराळे आणि तिच्यावर पाणी साचणे निराळे. हद्द ठरली आहे ती तीन मिलिमीटरांची. कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या तीन बारीक रेघा. त्यापेक्षा जास्त पाणी असले आणि वेग पुरेसा असला की चाक पाणी बाजूला सारू शकत नाही. ते पाण्यावर चढते, जमिनीचा स्पर्श सुटतो आणि ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. हा वेग काढण्याचे एक सोपे सूत्र 1960 च्या दशकात अमेरिकेत प्रयोगांनी ठरले: चाकातील हवेचा दाब दर चौरस इंचास किती पौंड ते घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि नवाने गुणावे, उत्तर नॉटमध्ये येते. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. विमानाच्या चाकात 200 पौंड दाब असेल तर वर्गमूळ चौदा आणि थोडे, वेग 127 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 235 किलोमीटर. प्रवासी जेट विमान साधारण याच वेगाच्या आसपास जमिनीला टेकते!

हेच सूत्र आपल्या मोटारीला लावा. चाकात 32 पौंड हवा, वेग निघतो ताशी सुमारे 94 किलोमीटर. चाकाची नक्षी झिजली असेल तर याहून कमी वेगातही गाडी तरंगू शकते. खंबाटकीच्या पुढे-मागे महामार्गावर भर पावसात शंभराने गाडी हाकणाऱ्या आपल्या तरुणांनी हे गणित एकदा वहीत करून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

4 नोव्हेंबर 2021 पासून धावपट्टीच्या स्थितीला गुण देण्याची पद्धत जगभर लागू झाली. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकास 0 ते 6 पैकी गुण द्यायचे. कोरडी असेल तर 6, नुसती ओली असेल तर 5, तीन मिलिमीटरांहून जास्त पाणी साचले तर एकदम 2. चार आणि तीन मध्ये का गाळले, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. चार हा दाबून घट्ट झालेल्या बर्फासाठी, तीन हा ओलेपणी निसरड्या होणाऱ्या धावपट्टीसाठी. पण त्या मुलाच्या प्रश्नातच खरी मेख आहे. ओली आणि पाणी साचलेली यांत डोळ्याला फरक थोडा दिसतो, थांबण्याच्या अंतरात तो फार मोठा असतो. लढाऊ विमानांच्या तळावर शेपटीला पॅराशूट उघडून वेग मारता येतो, धावपट्टीच्या टोकाला विमान अडवणारी जाळी असते. प्रवासी विमानापाशी यातले काही नसते.

7 ऑगस्ट 2020 ची रात्र आपणांस आठवत असेल. टाळेबंदीत दुबईत अडकलेल्या माणसांना घेऊन विमान केरळात कोझिकोडला येत होते. आत 190 जण होते. विमानाचे कप्तान दीपक साठे हे मराठी गृहस्थ, पूर्वी हवाई दलात विंग कमांडर, दीर्घ अनुभवाचे. पाऊस कोसळत होता. पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, कप्तानांच्या बाजूच्या काचेचा वायपरही बंद पडला होता. दुसऱ्या वेळी विमान उलट्या दिशेने, पाठीमागून वारा असताना, ओल्या धावपट्टीवर आले आणि 2,700 मीटरांच्या धावपट्टीची जवळजवळ निम्मी लांबी मागे गेल्यावर टेकले. कोझिकोडची धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर आहे. विमान शेवट ओलांडून खाली गेले व त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. पुढे चौकशी अहवालाने ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, पुन्हा वर उचलायला हवे होते, असा निष्कर्ष काढला. घरात बसून त्या माणसाला दोष देणे सोपे आहे; मला ते करवत नाही. पण वारा, पाऊस, अंधार व धावपट्टीची लांबी या चार गोष्टी किरकोळ वाटता वाटता कशा एकत्र येतात ते यावरून कळते. त्या विमानात आपल्यासारख्याच घरांतली, परदेशी राबणारी माणसे होती. विमान दोन तास उशिरा निघाले किंवा दुसऱ्या गावी उतरवले म्हणून भांडण्यापूर्वी एवढे आठवावे.

आता धुके. कृष्णाकाठी उसाच्या फडांवर पौष महिन्यात पहाटे जे दाटते तेच हे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओलसर असली की रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवाही निवते, आणि ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होऊ लागते तेथवर आली की धुके पडते. हजार मीटरांच्या आतले दिसेनासे झाले म्हणजे शास्त्राच्या भाषेत धुके. त्यापेक्षा विरळ असेल ते धूसर. वैमानिकाला अर्ध्या अर्ध्या तासाने जो हवामानाचा अहवाल मिळतो त्यात तापमान आणि दवबिंदू हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. त्यांच्यातले अंतर मिटत चालले की जाणकार सावध होतो.

हा अहवाल मोठा मजेदार असतो. वारा कोठून येतो ते अंशांत, किती दूरचे दिसते ते मीटरांत, आणि ढग किती ते आठव्या हिश्श्यांत. संपूर्ण आकाशाचे आठ भाग कल्पायचे. एक-दोन भाग झाकले तर तुरळक, तीन-चार झाकले तर विखुरलेले, पाच ते सात असतील तर भरून आलेले, आठही झाकले तर पूर्ण आच्छादित. यंत्रे आली, उपग्रह आले, तरी रात्री अडीच वाजता बाहेर येऊन मान वर करून आकाशाकडे पाहणारा निरीक्षक अजून लागतो. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. 'मघाशी होते तसेच असेल' असे म्हणून जुनाच आकडा लिहिण्याचा मोह त्यालाही होत असेल. आपल्याकडे हजेरीपुस्तके कशी भरली जातात हे मी शिक्षक या नात्याने जाणतो. येथे ती सवय चालत नाही.

धावपट्टीवर बेतलेल्या दोन लढाया सांगण्याजोग्या आहेत. 18 डिसेंबर 1961 रोजी गोवामुक्तीच्या वेळी पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी डाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकून ती निकामी केली. इमारतींना धक्का लावू नये, असा हुकूम होता. तरीही त्या रात्री पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने, उरलेल्या तोकड्या पट्टीवरून अंधारात उडून कराचीकडे निसटली. ती धावपट्टी आज आपल्या नौदलाची आहे.

दुसरी 1971 ची. 8 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी विमानांनी कच्छमधील भूजची धावपट्टी उखडून टाकली. तळाचे प्रमुख होते नागपूरचे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. माणसे पुरेशी नव्हती. तेव्हा जवळच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे स्त्रिया कामावर आल्या. भोंगा झाला की झुडपांत लपायचे, भोंगा थांबला की पुन्हा खडी वाहायची. झाकण्यासाठी शेणाचा सडाही त्यांनी घातला. 72 तासांत धावपट्टी विमानाजोगी झाली. आपल्या मुलींना वर्गात ही हकीकत सांगितली तर त्या डोळे विस्फारून ऐकतात.

आपल्या भागातील मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. हवाई दलात हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे आणि तीत अधिकारी म्हणून मुलींनाही प्रवेश आहे. भौतिकशास्त्र आणि गणित पक्के असावे लागते. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण पुण्याचे मोठे कार्यालय राहिले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' हे नावही राहिले. सहल पुण्याला नेणाऱ्या शिक्षकांनी शनिवारवाड्याबरोबर तिकडेही मुलांना न्यावे. आधी पत्र टाकून परवानगी मागावी.

तोवर शाळेत करता येण्याजोगा प्रयोग असा. दोन साधे तापमापक सावलीत शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडावे. रोज संध्याकाळी सहा वाजता दोन्ही आकडे, वारा आणि आठपैकी किती आकाश झाकले ते वहीत लिहावे. सकाळी सातला समोरचे ओळखीचे झाड दिसते की नाही तेही लिहावे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वही चालू ठेवली, तर दोन आकड्यांतले अंतर किती उरले की आपल्या गावात पहाटे धुके पडते, हे मुले स्वतःच सांगू लागतील.