मोबाईल ‘गहाळ’ झाला की चोरीला गेला?

आज आकड्यांवर बोलायचंय. लगेच स्किप करू नका, विषय तुमच्या खिशातल्या फोनचाच आहे.

‘लातुरात गुन्हेगारी वाढली’ अशी बातमी दिसली की मी आधी विचारतो, नेमकं वाढलं काय? गुन्हे, की त्यांची नोंद? हा फरक माझ्या डोक्यातून आलेला नाही. दरवर्षी देशभरातल्या गुन्ह्यांचा अहवाल काढणारी एनसीआरबी स्वतःच तो सांगते. केरळचा गुन्ह्यांचा दर बऱ्याचदा देशात अगदी वर असतो. तिथली माणसं काय वाईट आहेत का? तिथं तक्रार लिहून घेतली जाते, हे त्यामागचं मोठं कारण.

आता समजा, गंजगोलाईच्या गर्दीत तुमचा फोन कुणीतरी खिशातून काढला. तुम्ही ठाण्यात गेलात आणि अर्जात ‘गहाळ’ लिहिलं. झालं, चोरीच्या रकान्यात शून्य. ‘चोरीला गेला’ लिहून एफआयआर झाला असता तर तिथं एक आला असता. फोन तोच, चोर तोच, बदलला फक्त शब्द. त्यात 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. त्यांत पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे जुना हँडसेट गेला तर नुसती एन.सी., आणि एनसीआरबीचे तक्ते तर दखलपात्र गुन्ह्यांचे! त्यामुळं उद्या कुणी ‘चोऱ्या घटल्या’ म्हणालं, तर कोणत्या सालाशी तुलना केली ते जरूर विचारा.

शहराचा आकडा शोधायला गेलात तर आणखी गोंधळ. त्या अहवालात स्वतंत्र शहर म्हणून मुंबई, पुणे, नागपूर असली मोठी नावं असतात. लातूर, नांदेड दिसतात ते जिल्हा म्हणून. गंजगोलाईतला मोबाईल आणि निलंग्याकडच्या विहिरीवरची मोटार, दोन्ही एकाच रकान्यात.

शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजायचं फक्त सगळ्यात गंभीर. चोरी करताना खून झाला तर तो खुनात जातो, चोरी दिसतच नाही. आणि जून 2024 मध्ये नीटच्या प्रकरणात लातुरात जो गुन्हा दाखल झाला, जो पुढं सीबीआयकडं गेला, तोही मोजणीत एकच. त्या वर्षी परीक्षेला 23 लाखांवर पोरं बसली होती. कॅनडात 2009 पासून शिक्षेच्या प्रमाणात गुन्ह्याला वजन देऊन वेगळा निर्देशांक काढतात. आपल्या तक्त्यात सगळ्यांना सारखंच माप.

आता तुमच्या कामाचं. हरवलेल्या फोनचा तपास कोण करणार? चोरीचा करावा लागतो. त्याच सिमवरून कुणाला फसवलं गेलं, तर तुमच्या तक्रारीची तारीख तुमच्या बाजूनं बोलते. दखलपात्र गुन्हा असेल तर नोंद करणं पोलिसांना बंधनकारक आहे, सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात तसं सांगितलंय. ठाण्यात घेतलंच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवता येतं. यूपीआयमधून पैसे गेले तर लगेच 1930 लावा, पण तिथली तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, ते वेगळं. तक्रारीची प्रत घेऊन ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करा.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. सही करण्याआधी तेवढं बघा, ‘गहाळ’ लिहिलंय की ‘चोरी’.