घसरणीचा काळ आणि समर्थकाचे कर्तव्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

संघटना, निवडणूक आणि वर्गणी या विषयांवर दोन दिवस चर्चा झाल्यानंतर मी फुटबॉलवर बोलणार आहे, हे पाहून काही ज्येष्ठ साथींच्या कपाळावर आठ्या पडल्या आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. ज्या कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात, तेथील साथींना तर फुटबॉल हा गंभीर विषय आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

विषय निघाला तो असा. इंग्लंडमधील लिव्हरपूलचा संघ २०२५ च्या एप्रिलमध्ये साखळी स्पर्धेचा विजेता झाला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत साखळीतील सातपैकी सहा सामने हरला. त्या दिवसांत आमच्याकडे रात्री जागून सामने पाहणाऱ्या तरुणांत दोन तट पडले. एक तट म्हणे, 'हंगाम मोठा आहे, सर्व काही ठीक होईल.' दुसरा म्हणे, 'सर्व संपले. प्रशिक्षक बदला, खेळाडू विका.' दोन्ही बाजूंचा आवेश पाहून मला आपल्या कार्यकारिणीच्या बैठकांची आठवण झाली. पराभवानंतर आपल्याकडेही हेच दोन सूर लागतात. एका सुराला आपण निष्ठा म्हणतो, दुसऱ्याला टीका. माझ्या मते हे दोन्ही सूर पुष्कळदा एकाच आळसातून निघतात, आणि तो आळस म्हणजे कारण शोधण्याचा कंटाळा. याच क्लबच्या इतिहासातील तीन घसरणी आपण पाहू, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल.

पहिली घसरण बिल शँक्ली यांच्या काळातील. शँक्ली हे स्कॉटलंडच्या एअरशायर भागातील ग्लेनबक नावाच्या खाणकामगारांच्या गावचे. तरुणपणी ते स्वतः कोळशाच्या खाणीत राबले होते. १९५९ मध्ये ते लिव्हरपूलचे व्यवस्थापक झाले, तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. १९६२ मध्ये त्यांनी त्याला पहिल्या श्रेणीत आणले. १९६४ आणि १९६६ मध्ये साखळीचे विजेतेपद मिळवले. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी राबावे आणि फळ सर्वांनी वाटून घ्यावे, हाच आपला समाजवाद आणि हाच आपला फुटबॉल, असे ते मानीत. परंतु १९६६ नंतर सात वर्षे त्यांच्या हाती एकही मोठा चषक लागला नाही. कारण उघड होते. ज्या खेळाडूंनी विजय मिळवून दिले, ते वयाने थकत चालले होते आणि शँक्ली यांना त्यांना बाजूला करणे जड जात होते. २१ फेब्रुवारी १९७० रोजी एफ. ए. चषकाच्या उपउपांत्य फेरीत दुसऱ्या श्रेणीतील वॅटफर्डने लिव्हरपूलला एक गोलने हरवले, तेव्हा त्यांनी मन घट्ट केले. लॉरेन्स, येट्स, सेंट जॉन यांच्यासारख्या जुन्या मोहऱ्यांच्या जागी क्लेमेन्स, लॉइड, हायवे असे तरुण आले. १९७१ मध्ये हा नवा संघ चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलकडून हरला, पण १९७३ मध्ये साखळी आणि युएफा चषक हे दोन्ही त्याने जिंकले.

येथे 'धीर धरा' म्हणणारा समर्थक चुकला असता. १९७० मध्ये केवळ धीर धरणे म्हणजे घसरणीला मुदतवाढ देणे होते. कृतज्ञता हा मोठा गुण आहे. तथापि कृतज्ञतेपोटी जागा अडवून ठेवली तर ती पुढच्या पिढीवर अन्यायच करते. शँक्ली यांनाही हे कळावयास काही वर्षे लागली, याची नोंद आपण घ्यावी. सहकाऱ्यांवर माया करणारा माणूसच येथे उशीर करतो, कठोर माणूस करीत नाही.

दुसरी घसरण २०१० ची. २००७ मध्ये हिक्स आणि जिलेट या दोन अमेरिकन भांडवलदारांनी क्लब विकत घेतला. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा क्लबवर टाकणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तो बोजा क्लबच्याच डोक्यावर आला आणि तिकिटापोटी आलेला पैसा व्याजापोटी जाऊ लागला. ३ ऑक्टोबर २०१० रोजी नव्यानेच पहिल्या श्रेणीत आलेल्या ब्लॅकपूलने लिव्हरपूलला त्याच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि संघ गुणतक्त्यात अठराव्या स्थानी, म्हणजे पदावनतीच्या रेषेखाली गेला.

आता या वेळी दोष कोणाचा? गोलरक्षकाचा? प्रशिक्षकाचा? त्यांच्या चुका असतील; परंतु मुख्य दोष मालकीच्या रचनेत होता, आणि तो काही समर्थकांनी फार आधी ओळखला होता. २००८ च्या जानेवारीत लिव्हरपूलमधील एका मद्यालयात काही समर्थक जमले आणि त्यांनी 'स्पिरिट ऑफ शँक्ली' ही आपली संघटना काढली. नाव क्लबच्या कोणा धनिकाचे घेतले नाही, खाणकामगार व्यवस्थापकाचे घेतले. त्यांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, मालकांना आणखी कर्ज देऊ नये म्हणून बँकांवर पत्रांचा भडिमार केला. १५ ऑक्टोबर २०१० रोजी, न्यायालयीन झगड्यानंतर, क्लब त्या दोघांच्या हातून गेला.

आणि मित्रहो, यानंतर काय झाले? दोनच दिवसांनी लिव्हरपूल शेजारच्या एव्हर्टनकडून २-० असा हरला! मालक बदलला म्हणून चेंडू लगेच जाळ्यात जात नाही. आपल्यापैकी जे सत्तांतराच्या दुसऱ्या दिवशी स्वर्ग अपेक्षितात, त्यांनी या तारखा लक्षात ठेवाव्यात. त्या हंगामाअखेर संघ सहाव्या स्थानी आला, त्यास हिवाळ्यातील आणखी पराभव आणि व्यवस्थापकातील बदल सोसावा लागला. नवे मालकही भांडवलदारच होते. २०१६ मध्ये त्यांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले, तेव्हा ६ फेब्रुवारीच्या सामन्यात संघ २-० असा आघाडीवर असताना, ७७ व्या मिनिटाला, सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर पडले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पण चार दिवसांत दरवाढ मागे घेण्यात आली. जिंकत असलेल्या संघाकडे पाठ फिरवणे हे समर्थकास किती जड गेले असेल, याची कल्पना करा. ते उठले, कारण उद्या त्यांच्या मुलांना त्या गॅलरीत बसता येणार की नाही, हा प्रश्न त्यांना त्या दोन गुणांहून मोठा वाटला.

तिसरी घसरण २०२१ ची, आणि तिची जात अगदी निराळी. २०२० मध्ये तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर लिव्हरपूलने साखळी जिंकली होती. त्या वर्षीच्या नाताळातही संघ अग्रस्थानी होता. नंतर मात्र दैव फिरले असे वाटावे अशी स्थिती आली. २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने ॲनफिल्डवर विजय मिळवला आणि साखळीतील ६८ घरच्या सामन्यांची अपराजित मालिका तुटली. त्यापाठोपाठ ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि फुलहॅम यांनी त्याच मैदानावर लिव्हरपूलला हरवले. घरच्या मैदानावर साखळीत ओळीने सहा पराभव क्लबच्या इतिहासात पूर्वी कधी झाले नव्हते. एव्हर्टन तर तेथे १९९९ नंतर प्रथमच जिंकला.

परंतु कारण पाहा. ऑक्टोबरमध्ये मुख्य बचावपटू व्हान डाइक जायबंदी झाला, नोव्हेंबरमध्ये गोमेझ, जानेवारीच्या अखेरीस माटिप. बचाव सावरण्यासाठी मधल्या फळीतील फाबिन्यो आणि हेंडरसन मागे आले, त्यामुळे मधली फळीही दुबळी झाली. एक भोक बुजवताना दुसरे पडले. साथीच्या निर्बंधांमुळे गॅलऱ्या रिकाम्या होत्या. ज्या आवाजावर हा संघ पोसला, तो आवाजच नव्हता. व्यवस्थापक क्लॉप यांच्या आईचे निधन झाले आणि प्रवासबंदीमुळे त्यांना अंत्यविधीस जाता आले नाही. गोलरक्षक आलिसनचे वडील फेब्रुवारीत ब्राझीलमध्ये बुडून वारले. तोही जाऊ शकला नाही. गुणतक्त्यात या गोष्टींचा रकाना नसतो.

येथे रचना कुजलेली नव्हती, माणसे जखमी आणि दुःखी होती. म्हणून समर्थकांनी मैदानाबाहेर क्लॉप यांच्या पाठिंब्याचे फलक लावले, ते योग्यच केले. पण नुसत्या फलकाने सामने जिंकता येत नाहीत. मार्चपासून फाबिन्यो पुन्हा मधल्या फळीत गेला आणि बचावाची जबाबदारी नॅट फिलिप्ससारख्या फारशा परिचित नसलेल्या खेळाडूंवर सोपवली गेली. शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय आणि दोन बरोबरी झाल्या, पराभव एकही नाही. १६ मे रोजी वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध सामना बरोबरीत जात असताना, ९५ व्या मिनिटाला, गोलरक्षक आलिसन स्वतः पुढे धावला आणि त्याने डोक्याने गोल केला. आठव्या स्थानापर्यंत घसरलेला संघ ६९ गुणांसह तिसरा आला.

आणि याच वसंत ऋतूतील आणखी एक घटना विसरता कामा नये. १८ एप्रिलला बारा बड्या क्लबांच्या मालकांनी 'सुपर लीग' नावाची, संस्थापक क्लबांना कायमची जागा राखून ठेवणारी स्पर्धा जाहीर केली. लिव्हरपूलचे मालकही त्यात होते. संघ धडपडत होता, प्रत्येक गुण मोलाचा होता. तरीही समर्थकांनी रिकाम्या गॅलरीत लावलेले आपले झेंडे उतरवण्याचे जाहीर केले. दोन दिवसांत इंग्लंडमधील सहाही क्लब माघारी फिरले. पाहा, तेच लोक फेब्रुवारीत व्यवस्थापकाच्या पाठीशी उभे होते आणि एप्रिलमध्ये मालकाच्या विरुद्ध उभे राहिले. यात विसंगती नाही. संघावर निष्ठा आणि मालकाची चाकरी यांतील भेद त्यांना कळत होता.

तेव्हा माझे म्हणणे असे की, 'आशा की चिंता' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. घसरण आली की प्रथम विचारावे, ही कोणत्या जातीची आहे? आपण जुन्यांच्या मायेने नव्यांची वाट अडवली आहे काय? मालकी आणि निर्णय यांची रचनाच बिघडली आहे काय? की आपली माणसे थकली, जखमी झाली आहेत आणि त्यांना वेळ व आधार हवा आहे? पहिल्या दुखण्यावर धैर्य लागते, दुसऱ्यावर संघटना, तिसऱ्यावर सोबत. औषधांची अदलाबदल झाली तर रोगी दगावतो. जखमी माणसाला शिस्तीचा बडगा दाखवणे आणि कुजलेल्या रचनेला निष्ठेचा मुलामा देणे, या दोन्ही चुका आपल्या चळवळीने केल्या आहेत. त्यांची उदाहरणे या सभागृहातच बसलेली आहेत. मी नावे घेत नाही.

एक गोष्ट मात्र तिन्ही वेळी समान होती. समर्थक एकमेकांना सोडून गेले नाहीत. लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांचे समर्थक मैदानात परस्परांचे वैरी. पण २०१५ पासून दोन्हीकडचे लोक मिळून सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर भुकेल्यांसाठी धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करीत आले आहेत. संघ जिंको वा हरो, ती गाडी तेथे उभी असते. गुणतक्त्यात आपण कितव्या स्थानी आहोत याची चिंता जरूर करावी. पण आपल्या वस्तीत आपली गाडी आज उभी होती की नाही, हे आधी पाहावे. उद्या सकाळच्या सत्रात प्रत्येक शाखेने याच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.