मीटरला बटवा हवा

(गेल्या गणेशोत्सवात समाजाच्या सभागृहात छायाचित्र प्रदर्शनाच्या दिवशी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून सकाळपासून तिघांनी विचारलं, "लाइट मीटरच्या बटव्यावर वीस मिनिटं काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी बांधकाम खात्यात उपयंत्री. डिप्लोमा सिव्हिलचा, फोटोग्राफी हौसेची. पण आपल्या समाजात फिल्मवर शिकणारी दहा-बारा मुलं-मुली आहेत, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या हातातला मीटर आजोबांचा किंवा मामांचा आहे. हे मीटर चाळीस-पन्नास वर्षं टिकले. आता या मुलांच्या पाठपिशवीत चाव्या, चार्जर आणि पाण्याची बाटली यांच्यात ते उघडेच पडलेले दिसतात. म्हणून हा विषय.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लाइट मीटर म्हणजे प्रकाश मोजण्याचं हातात मावणारं साधन. त्याच्या माथ्यावर बहुधा अर्ध्या चेंडूसारखा पांढरा गोळा असतो. तो मूर्तीजवळ, कॅमेऱ्याच्या दिशेनं धरायचा. मीटर सांगतो, शटर किती आणि अ‍ॅपर्चर किती. "मोबाईलमध्ये अ‍ॅप आहे की!" असं कुणी म्हणेल. आहे, आणि कामाचंही आहे. पण मोबाईलचा कॅमेरा वस्तूवरून परत येणारा प्रकाश बघतो. शेंदरी मूर्ती, चांदीचा मुकुट आणि मागे दिव्यांची माळ असली की त्याचा अंदाज डळमळतो. गोळ्याचा मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे मुकुट चमकतो की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आपल्या इंदूरशी या विद्येचं जुनं नातं आहे. लाला दीनदयाळ रुडकीहून अभियांत्रिकी शिकून १८६६ साली इथे बांधकाम खात्याच्या सचिवालयात अंदाजपत्रकं आणि नकाशे करणारे म्हणून रुजू झाले. कॅमेरा त्यांनी इथेच, १८७४ च्या सुमारास हाती घेतला. त्यांच्या काळात विजेवर चालणारा मीटर नव्हता. काचेच्या प्लेटा आणि अनुभवी डोळा यांवर काम चाले. फोटोग्राफरसाठीचे विजेच्या तत्त्वावरचे मीटर १९३० नंतरच्या दशकात पसरले. खात्यातला माणूस म्हणून मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि खात्यातलीच एक शिकवण आज तुमच्यापुढे ठेवतो.

निविदा उघडताना सर्वात कमी दर बघितला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी काय बघतात? स्पेसिफिकेशन. त्यात जो बसत नाही, त्याचा दर कितीही कमी असो, तो बाद. बटव्याचंही तसंच. "स्वस्तात स्वस्त कुठे मिळेल?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "माझा मीटर कशानं मरेल?" त्याचं उत्तर मिळालं की स्वस्त बटवा आपोआप सापडतो, आणि महागडा का नको तेही कळतं.

आता मीटरच्या जाती बघू.

पहिली जात सेलेनियमची. जुने वेस्टन, सेकॉनिकचा एल-३९८. यांना बॅटरी लागत नाही. प्रकाश सेलेनियमच्या पट्टीवर पडला की थोडी वीज तयार होते आणि काटा हलतो. काटा ज्या तारेच्या बारीक वेटोळ्यावर बसवलेला असतो ते घड्याळासारखं नाजूक टोकांवर फिरतं. म्हणून याचे शत्रू तीन: धक्का, ओल आणि चुंबक. धक्क्यानं काटा अडकतो. ओल शिरली की सेलेनियमचा थर आणि त्याचे जोड खराब होतात. एकदा ती पट्टी गेली की दुरुस्ती दुर्मीळ आणि खर्चिक. चुंबकाचं सर्वात शेवटी लक्षात येतं. मोबाईलच्या पाकिटांना आणि बायकांच्या पर्सना हल्ली चुंबकाचं बटण असतं. मीटरच्या आतही चुंबक आहे आणि काटा त्याच्याच जोरावर फिरतो. बाहेरचा चुंबक जवळ आला की काटा भलतंच सांगू शकतो.

दुसरी जात बॅटरीवर चालणाऱ्या काट्याच्या मीटरची, उदाहरणार्थ जुना गोसेन लुनासिक्स. याला वरचे तिन्ही शत्रू आहेतच, शिवाय चौथा पोटात: गळणारी बॅटरी. बटव्यात बॅटरीसाठी वेगळा कप्पा असावा आणि मीटर महिनाभर वापरायचा नसेल तर ती काढून त्या कप्प्यात ठेवावी.

तिसरी जात डिजिटल, जसा सेकॉनिकचा एल-३०८. काटा नाही, त्यामुळे चुंबकाची फारशी भीती नाही. पण पडदा आहे, बटणं आहेत. बटवा फार घट्ट असेल तर बटण दाबलं जातं आणि एकुलता एक पेन्सिल सेल बटव्यातच संपतो.

तिन्ही जातींना सामाईक असा एक नाजूक अवयव म्हणजे तो पांढरा गोळा. तो मळला, पिवळा पडला, त्यावर पेनाची शाई लागली की आत कमी प्रकाश पोचतो. मीटरला वाटतं अंधार आहे. तो जास्त एक्स्पोजर द्यायला सांगतो आणि फोटो पांढुरका येतो. विसर्जनाच्या दिवशी गुलाल याच गोळ्यावर बसतो, हे वेगळं सांगायला नको.

आता मोजमाप. आमच्याकडे मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. तुम्हीही पट्टी घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नका. एल-३०८ साधारण ११० मिलिमीटर लांब, ६३ रुंद, २२ जाड. एल-३९८ साधारण ११२ लांब, ५८ रुंद, ३४ जाड आणि वजन १९० ग्रॅमच्या आसपास. तुमचा मीटर कोणताही असो, गोळ्यासकट आणि दोरीच्या कडीसकट मोजा. प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर मऊ अस्तरासाठी धरा. म्हणजे एल-३९८ साठी आतली जागा १२२ बाय ६८ बाय ४४ हवी. त्या मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा करा आणि तोच घेऊन दुकानात जा. मीटर घरी राहू द्या.

जेल रोडला गेलात तर तीन वस्तू नजरेत भरतील.

एक, मोबाईलचा पाउच. स्वस्त आहे, पण बहुतेकांना चुंबक असतो आणि कोपऱ्यांना संरक्षण नसतं. डिजिटल मीटर असेल आणि बटण चिकटपट्टीचं असेल, तर चालेल.

दोन, चष्म्याची कडक डबी. धक्क्याला उत्तम, घरात फुकट पडलेली असते. पण नेहमीच्या चष्म्याची डबी अरुंद; ६ सें.मी. रुंदीचा मीटर तिच्यात बसत नाही. मोठ्या गॉगलची डबी असेल तर ठोकळा घालून बघा. झाकण मिटताना गोळ्यावर दाब येतो का, हे नक्की तपासा.

तीन, संगणकाच्या छोट्या हार्ड डिस्कसाठी मिळणारा चेनचा कडक पाउच. माझं मत याला. आतून साधारण १३-१४ सें.मी. लांब, ८-९ सें.मी. रुंद, कवच कडक, अस्तर मऊ, आत वायरसाठी जाळीचा कप्पा. किंमत हॉटेलातल्या दोन थाळ्यांपेक्षा कमी. एल-३०८ सारखा बारीक मीटर त्यात सुखानं राहतो. जाड मीटरसाठी मात्र खोली बघून घ्या. तो जाळीचा कप्पा फार कामाचा. एल-३९८ बरोबर उन्हासाठी भोकांची एक पातळ पट्टी येते. ती हरवली की भर दुपारी काटा शेवटच्या टोकाला जाऊन बसतो आणि मीटर निम्मा निकामी होतो. अशा सुट्या वस्तूंना बटव्यात घर हवं.

मीटरबरोबर आलेली जुनी चामड्याची केस? ती सुंदर असते, फेकू नका. पण पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि तिच्यातली ओल मीटरला लागते. जून ते सप्टेंबर केस वेगळी, मीटर वेगळा. जुन्या केसमधला स्पंज बोटानं दाबून बघा. चिकट लागला किंवा भुगा झाला तर काढून टाका, नाहीतर तोच भुगा गोळ्यावर आणि बटणांत जाईल.

सर्वात स्वस्त उपाय मात्र बाजारात नाही, घरात आहे. समोर बसलेल्या काकूंना गोधडी शिवता येते ना? मग झालं. मीटरची रुंदी आणि जाडी यांची बेरीज करा, त्यात शिलाई आणि सैलपणा यांसाठी ३ सें.मी. मिळवा. ही झाली कापडाची रुंदी. एल-३०८ साठी ती साडेअकरा सें.मी. येते. लांबीसाठी मीटरची लांबी अधिक जाडी अधिक शिलाईचे २ सें.मी.; मागच्या तुकड्याला झाकणासाठी आणखी ६ सें.मी. आत जुन्या सुती साडीचे चार थर, बाहेर जाड कापड. कापड खूप जाड असेल तर रुंदीत १ सें.मी. वाढवा. अस्तराला तंतू सुटणारं लोकरी कापड नको. झाकणाला लाकडी किंवा प्लास्टिकचं बटण आणि दोरीचा फास. बाहेरचा रंग भडक ठेवा. काळ्या पिशवीत काळा बटवा सापडत नाही. मीटरच्या दोरीचं टोक बटव्याच्या आतल्या कडीला बांधा, म्हणजे गर्दीत हातातून निसटला तरी जमिनीवर जाणार नाही.

बटवा तयार झाला की चाचणी. आमच्याकडे काँक्रीटचे ठोकळे दाबून बघतात, तुम्ही साबण वापरा. १०० ग्रॅमची नवी, धारदार कोपऱ्यांची आंघोळीची वडी बटव्यात घाला आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर तीनदा टाका. कोपरे शाबूत राहिले तर बटवा पास. चेपले तर कोपऱ्यांत आणखी एक थर घाला. जड मीटरसाठी दोन वड्या एकत्र बांधा. चुंबकाची चाचणी त्याहून सोपी: खिडकीत एका जागी मीटर धरून आकडा बघा, मग रिकामा बटवा त्याला चिकटवून पुन्हा बघा. आकडा बदलला तर बटवा बाद.

एक फरक लक्षात ठेवा. नेण्याचा बटवा वेगळा आणि ठेवण्याची जागा वेगळी. गुलालात जाताना बटव्यावर चेनची पॉलिथिनची पिशवी चढवा, पण घरी आल्यावर ती काढा. आत घाम आणि ओल कोंडते. घरात मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात नकोत, त्यांनी काही जातींचं प्लास्टिक खराब होतं. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत मीटर ठेवू नका. तिथे कोणताही बटवा उपयोगाचा नाही.

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं स्पेसिफिकेशन. बटवा एका हातानं, पाच सेकंदांत उघडला पाहिजे. आपण मराठी माणसं वस्तू जपण्यात पटाईत. फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, डबा पेटीत, पेटी माळ्यावर. वस्तू सुरक्षित राहते आणि कुणाच्या कामाची राहत नाही. माळ्यावरून ती उतरते तेव्हा बहुधा रद्दीवाला दारात उभा असतो. ज्यांनी तो मीटर एक एक रुपया साठवून घेतला होता, त्यांना हे आवडलं असतं का? बटवा मीटरला बाहेर नेण्यासाठी हवा. जो उघडायला त्रास देतो तो बटवा दोनदा वापरून तिसऱ्यांदा घरीच राहतो, आणि मीटरही.

म्हणून विनंती. आज घरी गेल्यावर कपाट उघडा. जुना मीटर निघाला तर त्याचा गोळा तळहातानं पूर्ण झाका. काटा शून्यावर यायला हवा. उद्या स्वच्छ उन्हात फिल्मचा वेग १०० लावून बघा. १/१२५ आणि अ‍ॅपर्चर १६ च्या आसपास आकडा आला तर तुमचा मीटर जिवंत आहे, असं समजा. सेलेनियमचा असेल तर झाँक्यांच्या रात्री तो फारसा चालणार नाही, अंधारात त्याची नजर कमी. पण सकाळच्या आरतीला, अंगणातल्या रांगोळीला आणि आपल्या माणसांच्या चेहऱ्यांना अजून कितीतरी वर्षं पुरेल.

घरात वापरणारं कुणी नसेल तर तो इथे घेऊन या. फोटोग्राफी शिकणारी मुलं आहेतच, आणि बटवा शिवून देण्याची जबाबदारी आमच्या घरानं घेतली आहे. हे मी सौभाग्यवतींना विचारूनच सांगतोय.

गणपती बाप्पा मोरया.