लाखोळी, खर्रा आणि निवडीचा प्रश्न

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आहार आणि दिनचर्या बदलून जुनाट आजार कसे टाळावेत, यावर बोलण्याची आज्ञा संयोजकांनी मला केली आहे. या विषयावरची व्याख्याने शहरांत पुष्कळ होतात. साखर सोडा, मीठ कमी करा, रोज चाला, हा त्यांचा सारांश असतो आणि शास्त्रदृष्ट्या तो खोटाही नाही. परंतु धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला चालण्याचा सल्ला देण्यापूर्वी, तिच्या ताटात काय आहे आणि ते कोणी ठरविले, हे विचारले पाहिजे.

याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. धान कापणीला येण्यापूर्वी बांधीतल्या ओलीवर लाखोळीचे बी फेकून द्यायचे, ही आपल्या झाडीपट्टीची जुनी रीत आहे. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक येते. कोवळ्या पाल्याची भाजी, दाण्याची डाळ, डाळीचे बेसन. प्रथिने शेकडा पंचवीसहून अधिक. पावसाने दगा दिला की इतर पिके करपतात, लाखोळी तग धरते. नेमकी येथेच गोम आहे. तिच्या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल असते. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून दाखविले. इतर अन्नाबरोबर बेताने खाल्लेली ही डाळ सहसा बाधत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली, तर मात्र पाय ताठरतात, लुळे पडतात, आणि गेलेली शक्ती औषधाने परत येत नाही.

मग महिनोन् महिने त्या एका डाळीवर जगणारा माणूस कोण? मध्य प्रदेशातील रेवा-सतना भागात जमीनदार आपल्या बांधील मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मोजून देत. ज्याच्या शेतात ते पिके, त्याच्या घरात गहू-तांदूळ शिजे. त्याचे पाय शाबूत राहिले. त्या मजुराला आहारशास्त्राचा एखादा पाठ कोणी दिला असता, तर त्याने तो कोणत्या ताटावर गिरवायचा होता? लाखोळीच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम १९६१ साली आला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली. मजुरीपेक्षा डाळीला हात घालणे राज्यकर्त्यांना पंधरा वर्षे सोपे वाटले!

बंदीने पेरा थांबला नाही. शेतकऱ्याने लाखोळी पेरली आणि कायद्याच्या धाकामुळे पडेल भावाने विकली. बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षे झगडले आणि २००८ साली महाराष्ट्राने ती उठविली. बंदी उठली म्हणून विष गेले, असे मात्र नव्हे. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर विषाचा बराच अंश निघून जातो, हे घरोघरी सांगितले पाहिजे. ‘रतन’ तसेच रायपूरच्या कृषी विद्यापीठाची ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ ही अल्पविषारी वाणे तयार आहेत; ती आपल्या बांधीपर्यंत आणणे हे खरे आरोग्यकार्य आहे. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत हरभरा आहे, मसूर आहे, लाखोळी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्ये आहेत, डाळ नाही. परिणामी गरिबाच्या ताटात पॉलिश केलेल्या तांदळाचा ढीग आणि त्यावर पाण्यासारखे वरण. असे ताट वर्षानुवर्षे वाट्याला आले की मधुमेहाला वाट मोकळी होते. त्याला श्रीमंतांचा रोग म्हणण्याचे दिवस गेले आहेत.

आता एक अप्रिय गोष्ट. ताटाचा दोष व्यवस्थेवर टाकता येतो. खिशातल्या पुडीचा सगळाच दोष तसा टाकता येईल काय? २०१२ साली राज्याने गुटखा बंद केला, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा मिळतोच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २४.४ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. तंबाखू वगळली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तिने गालाच्या आतली त्वचा राठ होते, तोंड बोटा-बोटाने मिटत जाते, तिखट घास सोसत नाही आणि पुढे काहींना कर्करोग गाठतो. उपाशी पोटी भूक मारण्यासाठी खर्रा चघळणाऱ्या मजुराला मी दोष देणार नाही. पण जेवून आलेल्या कार्यकर्त्याने सभेच्या मागल्या रांगेत पुडी सोडावी आणि पुढे येऊन श्रमिकांच्या आरोग्यावर बोलावे, हे लोक पाहतात. हे सांगताना बिडी वळणाऱ्या आपल्या भगिनींचा विसर पडता कामा नये. तंबाखूची धूळ त्यांच्याच छातीत जाते, म्हणून पर्यायी रोजगाराची मागणी आपण त्यांच्या आधी नव्हे, त्यांच्याबरोबर केली पाहिजे.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येईल. अल्पविषारी लाखोळीचे बियाणे आणि तिला हमीभाव, हे पहिले कलम. शिधापत्रिकेवर डाळ, हे दुसरे. तिसरे आपल्यापुरते आहे: पक्षाच्या बैठकीत खर्रा चालणार नाही. सर्वांत लांब चर्चा या तिसऱ्यावरच होईल, असा माझा अंदाज आहे.