बंद पडलेल्या आज्ञावलीची साक्ष



आय.बी.एम.ने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेम कुळातील मूळ यंत्रे आता संग्रहालयांत विसावली आहेत. त्यांचे वर्तन मात्र जिवंत आहे. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये आरंभिलेला ‘हर्क्युलिस’ हा एम्युलेटर घरगुती संगणकावर ते वर्तन हुबेहूब वठवितो.

अशा अनुकृत यंत्रावर वेतनपत्रकाची जुनी आज्ञावली मध्येच कोसळते आणि ‘एस-शून्य-सी-सात’ ही खूण उमटते. पहिला संशय नकलेवर येतो; तो बहुधा अन्याय्य असतो. बेरजेसाठी दिलेल्या रकान्यात ग्राह्य संख्या नव्हती, एवढाच या खुणेचा अर्थ. येथे दशमान संख्या दाटून साठवितात: एका बाइटमध्ये दोन अंक, आणि अखेरच्या अर्ध्या बाइटात धन-ऋण चिन्ह. रकान्यात आरंभी शून्य भरावयाचे राहून गेले आणि कोऱ्या जागेचा ‘४०’ हा संकेत तेथे उरला, तर त्यातील शेवटचे शून्य चिन्ह म्हणून चालत नाही.

मग शोध कसा घ्यावा? थांबताना यंत्र पुढील आज्ञेचा पत्ता नोंदविते. त्यातून आज्ञावलीच्या आरंभाचा पत्ता षोडशमान पद्धतीने वजा करावा. उरलेले अंतर कंपायलरच्या यादीत शोधावे. त्याच्या लगतची आधीची आज्ञा दोषस्थळ दाखविते. नंतर स्मृतीच्या छापील प्रतीत तिचा रकाना तपासावा.

यंत्र थांबले नसते, तर चुकीचा आकडा कुणाच्या तरी वेतनात शिरला असता. मूळ यंत्राचा हा नकारही नकलेने इमानाने जपला, यातच तिची खरी कसोटी आहे.